पोच आल्याशिवाय खूण हलवू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विलग नेटवर्कांवरचा लेख वाचला. हा विषय वर्तमानपत्रात आला याचा मनापासून आनंद झाला, कारण हे काम करणारी माणसं त्याविषयी बाहेर फारशी बोलत नाहीत. लेखात एक वाक्य असं होतं, की बाहेरच्या कोडची आरसाप्रत, म्हणजे हुबेहूब प्रत, एकदा आत ठेवली की विलग नेटवर्क स्वयंपूर्ण होतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. गेली अकरा वर्षं माझं काम हेच आहे. इंटरनेटशी कुठलीही तार जोडलेली नाही अशा नेटवर्कमध्ये बाहेरचे रेपो, म्हणजे कोडचे इतिहासासकट साठे, न्यायचे आणि तिथली प्रत चालू ठेवायची. ही प्रत एकदा ठेवून भागत नाही. ती सतत नेत राहावी लागते, आणि नेलेली पोचली का हे नेणाऱ्याला कळण्याची सोय बहुतेक ठिकाणी कोणी केलेलीच नसते. माझं सगळं म्हणणं त्या न केलेल्या सोयीविषयी आहे.

जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. आज जगातला बहुतेक कोड गिट नावाच्या प्रणालीत ठेवला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये ती लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिली, कारण तोवर ते वापरत असलेल्या बिटकीपर या तशाच प्रणालीची मोफत परवानगी काढून घेतली गेली होती. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे एक कमिट. प्रत्येक कमिटला ४० अक्षरांची ओळख असते, तिला हॅश म्हणतात. ही ओळख कोणी देत नाही. कमिटमध्ये जे काही आहे त्यातूनच ती गणिताने निघते, आणि त्यात आधीच्या कमिटची ओळखही गुंफलेली असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या एका फाईलमधलं एक अक्षर कोणी बदललं, तर तिथून पुढच्या सगळ्या ओळखी बदलतात. साखळीचं शेवटचं टोक तेवढं जुळलं की मागची सगळी साखळी जुळली. अकरा वर्षांनंतरही मला या रचनेचं कौतुक वाटतं.

दोन संगणक एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यातली प्रत ताजी ठेवणं सोपं जातं, कारण ते आधी आपसात बोलून घेतात. घेणारा सांगतो, मला हे टोक हवं आहे आणि माझ्याकडे इथपर्यंतचं आहे. देणारा हिशेब करतो आणि मधलं तेवढं देतो. हे बोलणं काही क्षणांत उरकतं, वापरणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. विलग नेटवर्कात तुटतं ते हे बोलणं. कोड आत नेण्याचे मार्ग आहेत. पेन ड्राइव्ह आहे, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी आहे, मोठ्या ठिकाणी डेटा डायोड असतो, त्यातून प्रकाश एकाच दिशेने जातो आणि उलट काही येऊच शकत नाही. पण घेणाऱ्याकडे आज काय आहे, हे देणाऱ्याला विचारता येत नाही. ते त्याने लक्षात ठेवायचं असतं.

या परिस्थितीसाठी गिटमध्ये बंडल नावाची सोय आहे. बोलणं शक्य नाही म्हणून लिहिलेलं पत्र, असं मी नवीन मुलांना समजावते. पहिल्या वेळी संपूर्ण रेपोचं एक बंडल करायचं, ही एकच फाईल असते. आत गेल्यावर तिच्यावरून थेट क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, करता येतो. पुढच्या वेळी सगळं परत न्यायची गरज नसते, मागच्या टोकापासून आजच्या टोकापर्यंतचं बंडल पुरतं. त्या फाईलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की हे उघडायला अमुक अमुक कमिट तुमच्याकडे आधीपासून हवेत. आत व्हेरिफायची, म्हणजे पडताळणीची, आज्ञा दिली की गिट ते कमिट शोधतं. नसतील तर बंडल घेत नाही आणि काय कमी आहे त्याची यादी देतं.

मागच्या टोकापासून, असं मी लिहिलं. पण मागचं टोक कुठलं? बाहेर बसलेल्या माणसाने ती खूण जपायची असते. आमच्याकडे प्रत्येक रेपोमागे एक छोटी फाईल असते, तिच्यात मागच्या वेळच्या सगळ्या ब्रँच (कामाच्या शाखा) आणि टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावं) यांचे हॅश असतात. पुढचं बंडल त्या खुणेपासून निघतं. मग खूण पुढे कधी सरकवायची? बंडल तयार झाल्यावर, पेन ड्राइव्ह हातातून गेल्यावर, की आत ते उघडलं गेल्यावर? हा प्रश्न इतका साधा दिसतो की कुठल्याही नियमपुस्तिकेत त्याचं उत्तर मला सापडलं नाही. मीही कित्येक वर्षं बंडल तयार झालं की खूण सरकवत होते. स्क्रिप्टच तशी लिहिलेली होती, बंडल बनवणं आणि खूण हलवणं एकापाठोपाठ एक.

२०२१ च्या डिसेंबरात त्याचा परिणाम भोगावा लागला.

९ डिसेंबर हा गुरुवार होता. आमचं साप्ताहिक बंडल गुरुवारी जायचं. त्या आठवड्यात एका मोठ्या रेपोत बरंच काही आलं होतं, बंडल ४ जीबीच्या वर गेलं. आमच्या पेन ड्राइव्हची मांडणी फॅट ३२ पद्धतीची होती आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, म्हणून मी बंडलचे तुकडे केले. आत जाणारी प्रत्येक फाईल तपासणीच्या संगणकातून जाते. त्याने बाकीचे तुकडे सोडले आणि शेवटचा अडवला. अडवल्याची सूचनाही त्याने पाठवली, पण ती आतल्या नेटवर्कवर, रजेवर असलेल्या एका सहकाऱ्याच्या मेलमध्ये. मी बाहेर होते. जावक वहीत मी नोंद केली होती आणि खूण पुढे गेलेली होती. त्या रेपोची मला चिंता नव्हती.

शुक्रवारी लॉग फोर जेची बातमी जगभर पसरली. जावात लिहिलेल्या असंख्य प्रणालींमध्ये नोंदी ठेवण्यासाठी वापरली जाणारी ही लायब्ररी. नोंदीत विशिष्ट प्रकारचा मजकूर आला की ती दुसऱ्या संगणकाकडून कोड मागवून चालवत होती. इंटरनेट नाही तर धोका कसला, असं आमच्याकडेही काहींनी विचारलं. पण आत शेकडो यंत्रं एकमेकांना जोडलेली असतात. त्यातलं एक जरी कोणाच्या हाती गेलं, तरी त्या माणसाला कोड मागवायला इंटरनेट लागत नाही, शेजारचं यंत्र पुरतं. आत आम्ही तयार फाईली नेत नाही, कोड नेऊन तिथेच बिल्ड करतो, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवतो. म्हणजे दुरुस्तीही रेपोच्या वाटेनेच जायला हवी होती, आणि ती नेमकी त्याच मोठ्या रेपोतून जायची होती. शनिवारी मी तातडीचं बंडल केलं.

आतल्या सहकाऱ्याने ते घेतलं, व्हेरिफाय केलं आणि गिटने नकार दिला. त्याला हे काम हाती घेऊन तीन आठवडे झाले होते. आतल्या इमारतीत मोबाईल नेता येत नाही, साधा फोन आहे, पण आतल्या प्रणालींविषयी फोनवर काहीही सांगायचं नाही असा त्या वेळी नियम होता. त्याने नियम पाळला. मला तो एवढंच म्हणाला, "ताई, चालत नाहीये." मला वाटलं, कॉपी करताना फाईल बिघडली असणार. मी तेच बंडल पुन्हा पाठवलं. रविवारी नवीन पेन ड्राइव्हवर तिसऱ्यांदा पाठवलं. तिन्ही फाईली निर्दोष होत्या. सोमवारी संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा गेटजवळ उभं राहून त्याने मला संदेश तोंडी सांगितला, की आधीचे काही कमिट इथे नाहीत. मी जावक वही काढली, गुरुवारची ओळ पाहिली, आणि मग सगळं उलगडलं. त्याच सुमारास बाहेर पहिली दुरुस्ती अपुरी ठरून लॉग फोर जेची २.१६.० ही पुढची आवृत्ती आली होती. मंगळवारी मी चार आठवडे मागच्या खुणेपासून बंडल केलं आणि ते एका फटक्यात आत गेलं. मधले चार दिवस दोन यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या. त्या चालवणाऱ्या माणसांनी तो सगळा वेळ वह्यांमध्ये हाताने नोंदी केल्या, आणि त्यांच्यापैकी कोणाचा यात काडीचाही दोष नव्हता.

त्या सहकाऱ्याला नंतर विचारणा झाली, ती गोष्ट मला आजही लागते. त्याने सांगितलेलं सगळं बरोबर केलं होतं. मी केलेलंही तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बरोबर होतं. पद्धतीत पोच नव्हती. टपालाच्या जगात, नोंदणीकृत पत्राला पोचपावती लागते हे ठरवायला कोणाला संगणक लागला नव्हता. आवक आणि जावक अशा दोन वह्या ठेवायच्या आणि दोन्ही ताडून पाहायच्या, हे प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे. आमच्याकडे जावक वही बाहेर होती, आवक वही आत होती, आणि त्या दोन वह्यांची कधीच भेट होत नव्हती.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिलीला कोणाची परवानगी लागली नाही. बंडल आता शेवटच्या पाठवलेल्या टोकापासून निघत नाही, शेवटच्या पोच आलेल्या टोकापासून निघतं. मधली दोन बंडलं वाटेत हरवली तरी तिसऱ्यात त्यांचं सगळं असतं. ज्या वस्तू (कमिट, फाईली) आत आधीच आहेत त्या पुन्हा आल्या तर गिट ओळखतं आणि सोडून देतं, काही दुप्पट होत नाही, काही बिघडत नाही. फाईल थोडी मोठी होते, एवढंच. ज्यांच्याकडे डायोड आहे आणि उलट दिशेने खरोखरच काही येऊ शकत नाही, त्यांनीही निदान चार-पाच आठवड्यांचं मागचं प्रत्येक बंडलमध्ये घालावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण बंडल न्यावं. एवढ्याने माझे चार दिवस वाचले असते. शिवाय प्रत्येक फाईलबरोबर तिचा वेगळा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेली छोटी ओळख, जायला हवा. व्हेरिफाय मुख्यतः पूर्वअटी पाहतं, वाटेत फाईलच्या पोटात बिघाड झाला असेल तर तो तिथे कळेलच असं नाही. तुकडे केले असतील तर प्रत्येक तुकड्याचा चेकसम आणि तुकडे किती ती संख्या, हेही लिहून द्यावं.

दुसरा बदल म्हणजे पोच. त्यासाठी मला पाच महिने अर्ज करावे लागले. आतून बाहेर काहीही येऊ द्यायचं नाही, या नियमामागची कारणं मला ठाऊक आहेत आणि मी त्यांचा आदर करते. २००८ साली अमेरिकी लष्कराच्या नेटवर्कांमध्ये पेन ड्राइव्हमधून शिरलेला प्रोग्राम काढून टाकायला फार काळ गेला होता. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम इराणमधल्या नातान्झच्या यंत्रांपर्यंत पोचला, आणि तो पसरण्याच्या वाटांमध्येही पेन ड्राइव्ह होता. म्हणून आत गेलेला ड्राइव्ह बाहेर आणून परत वापरायचा, हे मी कधीच मागितलं नाही. मी मागितली एक ओळ. आत बंडल घेतल्यावर सगळ्या ब्रँच आणि टॅग यांच्या हॅशची यादी काढायची, तिचा एकच चेकसम काढायचा, ६४ अक्षरांचा, आणि तो माणसाने फोनवर वाचून दाखवायचा. मी बाहेर माझ्या बाजूची तीच यादी काढून ताडून पाहायची. जुळलं तर खूण पुढे.

सुरक्षा पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा आक्षेप असा होता, की या अक्षरांतून आतला कोड बाहेर जाईल. तो जात नाही. चेकसमवरून मूळ मजकूर काढता येत नाही. त्यांचा दुसरा आक्षेप मात्र खरा होता. आत कुठली आवृत्ती आहे हे यावरून कळू शकतं, आणि ते ज्याला कळेल त्याला आतली कुठली भोकं अजून बुजलेली नाहीत हेही कळेल. म्हणून आम्ही ठरवलं, की वाचन ठरलेल्या दोनच माणसांनी करायचं, ते वहीत लिहायचं आणि वही कुलपात ठेवायची. फोनवर बी, सी, डी, ई ही अक्षरं ऐकायला अगदी सारखी वाटतात. सुदैवाने चेकसममध्ये अंकांखेरीज ए ते एफ एवढी सहाच अक्षरं येतात. त्या सहांसाठी आम्ही सहा शब्द ठरवले, आणि आता ६४ अक्षरं वाचून, ऐकून, बरोबरच्या खुणा करून दोन मिनिटांत काम होतं. आत यादी काढण्याआधी एफएससीके ही गिटची तपासणीची आज्ञा चालवायची असते. नुसती टोकं जुळून भागत नाही, टोकांपासून मागपर्यंतच्या सगळ्या वस्तू खरोखर हजर आहेत का तेही पाहावं लागतं.

या दोन मिनिटांच्या वाचनाचं मोल मला आणखी एका कारणासाठी वाटतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स कर्नलचा कोड जिथे ठेवला जातो त्या सर्व्हरांमध्ये कोणी घुसल्याचं लक्षात आलं. कोडमध्ये गुपचूप काही घातलं असेल का, ही भीती होती. तेव्हा धीर कशाने मिळाला, तर जगभर हजारो लोकांच्या संगणकांवर त्याच इतिहासाच्या प्रती होत्या. सर्व्हरवर जुना एक कमिट बदलला असता तर हॅश बदलले असते आणि पुढच्या वेळी कोड घेणाऱ्या प्रत्येकाला ते दिसलं असतं. आतल्या नेटवर्कात असे हजारो शेजारी नाहीत. तिथे एकच प्रत आहे आणि ताडून पाहायला कोणी नाही. आठवड्यातून एकदा फोनवरून येणारा तो आवाज हाच तिचा शेजारी आहे.

आपल्या लेखातल्या 'आरसाप्रत' या शब्दाविषयीही थोडं लिहायला हवं. गिटमध्ये मिरर असा पर्याय खरोखरच आहे आणि तो नावाप्रमाणेच वागतो. समोर जे असेल ते दाखवतो, समोरचं गेलं की त्याच्यातलंही जातं. बाहेर कोणी ब्रँच पुसली, तर मिरर पुश, म्हणजे त्या पर्यायाने केलेली रवानगी, आतलीही पुसतो. बाहेर कोणी इतिहास पुन्हा लिहिला, तर आतलाही बदलतो. २०१३ च्या मार्चमध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाईल सिस्टीम बिघडली. त्यांच्याकडे अनेक आरसे होते, आणि त्या आरशांनी इमानाने तो बिघाड उतरवून घेतला. सुमारे १५०० रेपो जाण्याच्या बेतात होते. एका वेगळ्या सर्व्हरवरची प्रत योगायोगाने त्यातून सुटली होती, तिच्यावरून सगळं परत उभं राहिलं. ही हकीकत त्या प्रकल्पातल्या लोकांनी स्वतः उघडपणे लिहिली. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे, कारण ती वाचूनच मी आतल्या रेपोंची मांडणी बदलली.

आता आत काहीही आपोआप पुसलं जात नाही. ब्रँच काढून टाकणं आणि इतिहास मागे नेणं, दोन्हीला आतल्या रेपोत मनाई आहे. बाहेर तसं काही झालं तर बंडल आत अडतं आणि माणूस बघतो. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, एखाद्या विकसकाने आपली ब्रँच नीटनेटकी केलेली असते. तेव्हा जुनं टोक आम्ही वेगळ्या नावाने जपतो आणि नवीन घेतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. आपल्या नेहमीच्या संगणकावरच्या रेपोत रिफ्लॉग असतो, टोक चुकून हललं तर त्यावरून जुनी जागा सापडते. सर्व्हरवरच्या बेअर रेपोत, म्हणजे फक्त इतिहास साठवणाऱ्या रेपोत, तो मुळात बंद असतो. ज्या प्रतीवर सगळ्यांची भिस्त, नेमक्या तिलाच मागचं आठवत नाही. तो चालू करायला एक ओळ लागते, आणि ती ओळ प्रत्येक विलग नेटवर्कात लिहिलेली असायला हवी.

बंडलमध्ये काय येत नाही, तेही सांगते. सबमॉड्यूल, म्हणजे एका रेपोत जोडलेले दुसरे रेपो, येत नाहीत. मुख्य रेपोत त्यांचा फक्त पत्ता आणि हव्या त्या कमिटचा हॅश असतो, आणि पत्ता बाहेरचा असतो, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं बंडल करावं लागतं आणि पत्ते आतल्या सर्व्हरकडे वळवावे लागतात. गिट एलएफएस या मोठ्या फाईली वेगळ्या ठेवणाऱ्या सोयीतल्या फाईली येत नाहीत, त्यांच्या जागी सुमारे एकशेतीस अक्षरांची चिठ्ठी येते. आमच्या एका प्रकल्पात आत सगळी चित्रं 'बिघडली' होती, ती बिघडलेली नव्हती, ती कधी आलीच नव्हती. चर्चा, तक्रारी, बदल का केला याची कारणं, हे सगळं बहुतेक वेळा गिटच्या बाहेर असतं आणि बाहेरच राहतं. आतला माणूस कोड वाचतो, पण तो तसा का लिहिला हे त्याला कोणाला विचारता येत नाही.

आणि आत नेतो त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो असं जाणवलं, त्यांनी माग काढला, आणि एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये लपवलेलं मागचं दार सापडलं. ते दार उघडणारा एक तुकडा फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या एकत्र बांधलेल्या फाईलमध्ये, होता, गिटमधल्या कोडमध्ये नव्हता. बाकीचा भाग मात्र चाचणीच्या फाईलींच्या रूपात गिटमध्येही होता. म्हणून रेपो आणला म्हणजे सुरक्षित झालो, असं मी म्हणणार नाही. पण इतिहासासकट रेपो हाताशी असेल तर टारबॉल आणि तो ताडून पाहता येतात. आम्ही टॅगवरची डिजिटल सही बाहेरही तपासतो आणि आतही. सह्या तपासायच्या किल्ल्या मात्र कोडबरोबर एकाच ड्राइव्हवर कधी नेत नाही. त्या वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाच्या हातून जातात. आतल्या घड्याळाचीही काळजी घ्यावी लागते. बाहेरच्या वेळेशी जुळवून घ्यायला त्याला वाट नसते, ते हळूहळू मागे पडतं, आणि एक दिवस सही तपासणारा प्रोग्राम सांगतो की ही सही भविष्यातली आहे.

हे सगळं मी लिहिते आहे ते विलग नेटवर्क नकोत म्हणून नाही. काही ठिकाणी ती हवीतच. पण तार तोडण्याचा निर्णय घेणारे लोक एका बैठकीत तो घेतात आणि पुढची वर्षानुवर्षं कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन गेटशी उभं असतं. त्या माणसाला किती वेळ दिला आहे, त्याच्या जागी दुसरं कोण आहे, तो आजारी पडला तर खूण कुठे आहे हे कोणाला ठाऊक आहे, हे त्या बैठकीत विचारलं जात नाही. आत जाणाऱ्या फाईलसाठी आमच्याकडे तपासणीचे अनेक टप्पे आहेत. पोचेसाठी एक टप्पा मिळवायला चार दिवसांचं नुकसान आणि पाच महिन्यांचे अर्ज लागले. जिथे जिथे असं नेटवर्क आहे, तिथल्या नियमांत एक कलम असावं, की आत घेतलेल्या प्रत्येक बंडलाची ६४ अक्षरांची पोच, ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळात, बाहेरच्या ठरलेल्या माणसाला द्यावी. फोन चालत नसेल तर कागदावर द्यावी. कागद चालत नसेल तर गेटपाशी तोंडी सांगावी. बंडल नाकारलं गेलं असेल तर गिटने दिलेला संदेश जसाच्या तसा सांगण्याची मुभाही त्याच कलमात असावी. त्या सोमवारी गेटजवळ मला जे कळलं, ते शनिवारीच कळायला हवं होतं.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा, जमल्यास हे काम करणाऱ्या कोणाशी तरी बोलावं, ही विनंती. ती माणसं सापडायला थोडी अवघड आहेत, पण बोलायला लागली की थांबत नाहीत, हे या पत्राच्या लांबीवरून आपल्या लक्षात आलंच असेल.

या आठवड्याचं बंडल काल सकाळी आत गेलं. सहकाऱ्याचा फोन दुपारी चारला यायचा होता, तो आला नाही, कदाचित तपासणीला उशीर झाला असेल. वहीत कालच्या ओळीतला शेवटचा रकाना कोरा आहे. खूण मागच्या गुरुवारवरच आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक
(कामाच्या स्वरूपामुळे नाव छापू नये, ही विनंती.)